उजव्या कानाचं फिटिंग

माझ्या मेहुण्याने माझ्या तोंडाकडे बघून कधी गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. तो माझ्या कानाकडे बघून बोलायचा. दारात चपला काढता काढताच विचारायचा, "भावोजी, उजवा कसा आहे?" लोक घरी आले की तब्येतीचं विचारतात, मुलांच्या अभ्यासाचं विचारतात. हा माझ्या उजव्या कानाची चौकशी करायचा, आणि मला दरदरून घाम फुटायचा.

कारण मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला, मागोमाग ताप आला, आणि कान गेला तो गेलाच. बाहेरून बघाल तर कान एकदम छान आहे, डाव्यापेक्षा जरा देखणाच. माझी बायको, तिचं माहेर, ऑफिस, कुणालाच हे ठाऊक नव्हतं. डोंबिवलीला मुलगी बघायला निघालो तेव्हा आई जिन्यात हळूच म्हणालेली, "उजवीकडे कुणाला बसवू नकोस. लग्न झालं की सांग हळूहळू." मी त्यांच्या घरी गेल्या गेल्या फ्रीजला लागून असलेली खुर्ची पकडली, उजवा कान फ्रीजकडे केला, आणि पोहे खाल्ले. लग्न ठरलं, झालं. ते हळूहळू मात्र काही आलं नाही.

एकदा सांगायचं राहिलं की राहिलंच. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर ती कदाचित हसली असती. वर्षाने सांगायचं म्हणजे वर्षभर का लपवलं तेही सांगायला हवं. मग मी युक्त्या शिकलो. जेवायला कायम टेबलाच्या उजव्या टोकाला. रस्त्याने चालताना बायको कायम डावीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला मी. ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, "हा मला कधी रहदारीच्या बाजूने चालू देत नाही हं." मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या आणि मी बुटांकडे बघायचो.

तर असा हा माझा कान, आणि असा हा मेहुणा.

तो ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होता. तिथे रबराची गास्केटं आणि वॉशर बनत, आणि ती नीट बसतात की नाही हे तपासायचं त्याचं काम. कुकरच्या झाकणापासून कसल्याशा पंपापर्यंत जिथे म्हणून दोन वस्तू एकमेकींना चिकटून बसायच्या, तिथे गळती शोधायची. हे वेड डोक्यात घेऊनच तो घरी यायचा. कानात घालायचे इअरफोन बाजारात आले आणि हा माणूस कामातून गेला. त्याच्या मते कान म्हणजे देवाने दिलेलं भोक, इअरफोन म्हणजे माणसाने केलेलं झाकण, आणि मधलं ते रबराचं टोक म्हणजे गास्केट. लोक त्याला टिप म्हणतात. तो बूच म्हणायचा.

गंमत म्हणजे गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. स्वतः तो काही ऐकायचा नाही. त्याच्या फोनमध्ये एकच गाणं होतं, त्याला तो 'टेस्टिंगचं' म्हणायचा. डावीकडून पेटी आणि उजवीकडून तबला. "सूर बिर तुम्ही बघा. मला फक्त बसलं की नाही ते सांगा," म्हणायचा. "नीट बसलेली वस्तू विसरायला होते. टोचते तीच आठवते."

त्याने बुचं ठेवायला स्वतःच्या आईचा मसाल्याचा डबा ढापलेला. मोहरीच्या वाटीत लहान, जिऱ्याच्या वाटीत मधली, हळदीच्या वाटीत मोठी, आणि मधोमध काळी मऊ फोमची. चमचासुद्धा होता. डबा घासून घासूनही त्या बुचांना हिंगाचा वास यायचा. माझ्या सासूबाई शुद्ध बोलणाऱ्या, आवाज न चढवणाऱ्या. त्या म्हणायच्या, "याच्यासाठी मुलगी बघायला गेलो तर हा तिचे कान बघत बसेल." आणि तसंच झालं. मुलीच्या आईच्या लक्षात आलं. परत निरोप काही आला नाही, आणि पुढे त्याने लग्नाचा विषय काढू दिला नाही.

त्याच्याबरोबर बाहेर जायची मला धास्ती असायची. एकदा डोंबिवलीत शेअर रिक्षात आम्ही मागे बसलेलो, शेजारी एक कॉलेजची मुलगी, कानात बड्स. हा टक लावून बघतोय. मी कोपराने ढोसलं तरी बघतोय. शेवटी म्हणाला, "डावा उजव्यात घातलायस. दुखतंय ना?" मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की मी रिक्षातून बाहेर बघायला लागलो, जणू माझा आणि त्याचा काही संबंध नाही. पुढच्या वळणावर तिने गपचूप बड्सची अदलाबदल केली आणि म्हणाली, "अरे हां, थँक्यू अंकल." त्याने नुसती मान हलवली. उतरल्यावर मला म्हणतो, "लोक दुखणं सहन करतात भावोजी, पण काढून बघत नाहीत."  मी तर सहनही करत होतो आणि दाखवतही नव्हतो.

माझ्या कानावर त्याची नजर पडली ती भाऊबीजेला. सासरी सगळी जमलेली. ओवाळणी झाली, बायकोला साडी दिली आणि याने माझ्यापुढे इअरफोनचं खोकं ठेवलं. "बसा," म्हणाला. मोबाइलची बॅटरी लावून सगळ्यांदेखत माझ्या कानात डोकावला आणि जाहीर केलं, "मळ आहे हो." सासूबाई लगबगीने आत गेल्या आणि तेल कोमट करून घेऊन आल्या. जावयाचा मान म्हणजे काय तो मला त्या दिवशी कळला. कानात तेल घालून मी मान वाकडी करून बसलेलो आणि समोर फराळाचं ताट.

मग त्याने इअरफोन घातले आणि टेस्टिंगचं गाणं लावलं. "आता उजवीकडून तबला येईल. आला की हात वर करा."

मी वाट बघितली. पेटी चाललेली. सगळे माझ्याकडे बघतायत, बायको पण. तबला चालू असणार हे मला त्याच्या बोटांवरून दिसत होतं, कारण तो मांडीवर ठेका धरून होता. मी हात वर करून मोकळा होऊ शकलो असतो. पण नेमका कधी करायचा ते कळेना, आणि मी म्हणून बसलो, "हे उजवं सैल आहे. नीट बसत नाहीये."

बस. त्या एका वाक्याने मी घात करून घेतला. फिटिंगमधलं कुणी काही बोललं की त्याला चेव यायचा. त्याने मसाल्याचा डबा उघडला. लहान, मधलं, मोठं. मग एकावर एक दोन कडा असलेलं दोन मजली. तीन मजली. दर बुचाला तबला, दर बुचाला मी, "नाही रे, निसटतंय." मग चकलीची परीक्षा. इअरफोन घालून चकली चावायची, जबडा हलला तरी बूच हलता कामा नये. मग ॐ. तोंड मिटून ॐ म्हणायचं, आणि कुठल्या कानात जास्त घुमतं ते सांगायचं. "दोन्हीत सारखं," मी ठोकून दिलं. मला वाटलं, हे सगळ्यात सुरक्षित उत्तर.

तो माझ्या कानाकडे जरा वेळ बघत राहिला. "बरं," म्हणाला, आणि डबा बंद केला.

पण तेवढ्यावर थांबला नाही. वागळे इस्टेटमधून सुटला की आमचं वर्तकनगर जवळच. कधीही संध्याकाळी दारात हजर, खिशात नवीन बूच. काही बुचं इतकी जाड असायची की माझा कान आतून सोलून निघायचा. ज्या कानाने काही ऐकू येत नाही त्या कानाचं दुखणं मी महिनोन् महिने सोसलं, आणि ते खोटं सांभाळायला. विचार करा. बायको म्हणायची, "अरे दे ना सोडून, नाही बसत तर नाही बसत." तो म्हणायचा, "ताई, असा कान नाही ज्याला बूच नाही." मी मनात म्हणायचो, आहे बाबा, तुझ्यासमोरच बसलाय.

आणि एक दिवस बसलं.

तेव्हाही आम्ही सगळे डोंबिवलीला होतो. त्याने मधल्या वाटीतलं काळं फोमचं बूच काढलं, चिमटीत दाबलं, माझ्या कानात सारलं आणि ते फुगेपर्यंत बोट धरून ठेवलं. मग म्हणाला, "फोन द्या तुमचा. टेस्टिंगचं त्यावर टाकतो." फोनशी काहीतरी खुडबुड केली. "ऐका."

पेटी आली, आणि पेटीबरोबर तबला आला.

खरं सांगतो, इतक्या वेळा न आलेला तबला स्पष्ट वाजत होता. क्षणभर मला वाटलं, कान उघडला. "बसलं," मी ओरडलोच. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, बायको म्हणाली, "सुटलो एकदाचे."  मेहुण्याने डब्याचं झाकण लावलं आणि चहा मागितला. नंतर बाथरूममध्ये जाऊन मी उजव्या कानाशी चुटकी वाजवून बघितली. काही नाही. तरीपण मी स्वतःची समजूत घातली, की फोमची काहीतरी करामत असेल, हाडातून येत असेल. जे आपल्या सोयीचं असतं ते माणूस फार खोलात जाऊन तपासत नाही. त्या दिवसापासून "उजवा कसा आहे?" या प्रश्नाला मी छाती काढून "एकदम फिट" म्हणायला लागलो.

इथे कानपिळीचं सांगायला हवं. खरं तर आधी सांगायला हवं होतं, पण लाजेच्या गोष्टी माणूस जमेल तेवढ्या पुढे ढकलतो.

आमच्यात लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. आमच्या बहिणीला नीट सांभाळा, नाहीतर बघा, असा त्याचा अर्थ. मग नवरदेवाने त्याला मानाची भेट द्यायची आणि सगळ्यांनी हसायचं. माझ्या लग्नात मेहुणा पुढे आला आणि त्याने माझा उजवा कान धरला. पिळला असं नाही म्हणता येणार, नुसता धरला. आणि वाकून कानात काहीतरी बोलला. भटजी थांबले, फोटोवाला पुढे सरसावला. मला एक अक्षर कळलं नाही. काहीतरी चावट बोलला असेल, मेहुणे बोलतात तसं, असं धरून मी मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "हो हो, नक्की." अल्बममध्ये तो फोटो आहे. मी दात काढून हसतोय आणि त्याचा चेहरा उतरलेला. बायको दर वेळी म्हणते, "बघ, माझ्या भावाला रडू येत होतं आणि तुला हसू."

गेल्या वर्षी त्याची कंपनी वापीला हलली. वागळे इस्टेटमध्ये आता काचेची ऑफिसं झालीत, रबराचा वास कुणाला नको. तो जायच्या आधीच्या आठवड्यात मी नवीन फोन घेतला. इअरफोन तेच, बूच तेच, गाणं तेच. तबला गायब.

मी बुचं काढून पुसली, परत घातली, चकलीसुद्धा चावली. शेवटी त्याला फोन लावला. "अरे, ते उजवं खराब झालं वाटतं. तबला गेला."

 तो म्हणाला, "फोन बदललात का?"

"हो. का?"

"संध्याकाळी येतो. वर नको, खाली चहावाल्याकडे भेटू."

मी बायकोला म्हटलं, "तुझा भाऊ येतोय खाली, येतेस?" ती म्हणाली, "नको, जा तू." मी गेलो.

तो बाकड्यावर माझ्या डावीकडे बसला. आत्ता लिहिताना लक्षात येतंय, की त्या भाऊबीजेनंतर तो कायम माझ्या डावीकडेच बसायचा. त्याने फोन घेतला, बुचांना हातही लावला नाही. सरळ सेटिंगमध्ये गेला. या वेळी मी डोकं घालून बघत होतो. त्याने एक बटण दाबलं, त्याच्यापुढे 'मोनो' असं लिहिलेलं. खाली एक रेघ होती, एका टोकाला डावा आणि दुसऱ्या टोकाला उजवा. रेघेवरचा ठिपका त्याने बोटाने ढकलत पार डाव्या टोकाला नेला.

"हे काय केलंस?"

"दोन्हीकडचा आवाज एकत्र केला आणि डावीकडे दिला." फोन माझ्या हातात ठेवून तो चहावाल्याकडे बघायला लागला. "आता येईल तबला."

 मी इतकी वर्षं याला फसवत होतो असं मला वाटत होतं.

"कधी कळलं तुला?"

"तुम्ही ॐ म्हणालेलात ना, तेव्हा. इतक्या लोकांच्या कानात बुचं घातली मी, दोन्हीत सारखं असं कुणी म्हणजे कुणी म्हणत नाही. कान सारखे नसतातच. सगळे म्हणतात, इकडे थोडं जास्त. तुम्ही एकटेच बोललात, दोन्हीत सारखं." मग थांबून म्हणाला, "संशय आधीपासून होता. कानपिळीपासून. मी बोललेलो आणि तुम्ही हसलेलात. हसण्यासारखं नव्हतं त्यात."

"काय बोललेलास?"

"जाऊ दे. जुनं झालं."

माझा चहा तसाच होता. मी परत विचारलं, "सांग ना. काय बोललेलास?"

त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "म्हणालेलो, भावोजी, ताई पहिल्यांदा विचारलं की नको म्हणते. घरात खाणारी तोंडं जास्त होती, तिला लहानपणापासून सवय लागली. दुसऱ्यांदा विचारत जा, मग हो म्हणते. तेवढंच सांगितलेलं."

 आत्ताच वरून निघताना मी काय विचारून आलो होतो ते आठवलं. माथेरानला ऑफिसचे सगळे गेले तेव्हा, "येतेस?" "नको, तू जा." गाण्याच्या क्लासला नाव घालायचं होतं तेव्हा, "घालायचं का?" "नको, राहू दे आता." माझी काही महिन्यांसाठी मुंबईबाहेर बदली होत होती तेव्हा, "थांबवू का?" "नको, कशाला." दर वेळी मी एकदाच विचारलं, उत्तर घेतलं, आणि वर ऑफिसात सांगत फिरलो की आमच्याकडे कसली कटकट नसते. लाज वाटली. कानाची लाज मला सवयीची होती. ही नवीन होती आणि ती कुठे ठेवायची ते कळेना.

"मग परत का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ भांडलोच. "डाव्या कानात सांगायचं होतंस."

"आधी राग आलेला. वाटलं, माझ्या बहिणीचं सांगतोय आणि हा हसतो. मग कळलं तेव्हा वाटलं, सांगायला गेलो तर तुम्हाला समजणार की मला समजलंय. तुमचा तो चेहरा व्हायचा ना, तबला लावला की... नाही बघवायचा. बुचं आणणं एकदम बंद केलं असतं तरी तुम्हाला समजलंच असतं, म्हणून ही फोनमधली युक्ती सापडेपर्यंत आणत राहिलो." त्याने बाकड्यावरचा चहाचा गोल डाग बोटाने पुसला. "तुमची लाज सांभाळता सांभाळता ताईचं राहून गेलं. ते माझं चुकलं, भावोजी."

"तिला सांगितलंस?"

"नाही. ते तुमचं."

जाताना त्याने खिशातून काळी फोमची बुचं काढून माझ्या हातावर ठेवली. उजव्या कानात घालायची गरज नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्याने जोडी दिली. हिंगाचा वास येत होता.

वर आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. "गेला?" म्हणाली.

"गेला. चहा टाकतोय. घेतेस?"

"नको, तू घे."

इतकी वर्षं इथे मी एका कपाचं पाणी ठेवायचो. मी भांडं हातात धरून उभा राहिलो.   "घे ना," मी म्हटलं. "थोडा तरी."

तिने वर बघितलं. "बरं, टाक अर्धा कप," म्हणाली. "आलं घाल."

कप घेऊन ती सोफ्यावर आली आणि नेमकी माझ्या उजवीकडे बसायला लागली. एरवी मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जागा बदलली असती.

"इकडे बस," मी म्हटलं. "त्या कानाने मला ऐकू येत नाही."

"टोचतायत का परत ते बड्स?"

"बड्स नाही. कानच. लहानपणापासून." मग मी सगळं सांगितलं. आईचं जिन्यातलं बोलणं, फ्रीजजवळची खुर्ची, फिटिंग, खाली बाकड्यावर झालेलं बोलणं, कानपिळीला तिचा भाऊ काय म्हणाला ते.  तिच्या चहावर साय धरली.

"म्हणजे रस्त्याने चालताना..." एवढंच म्हणाली.

"हो."

तिने मान फिरवली. "मी सगळ्यांना सांगत फिरले रे."

 मी कपाकडे बघत बसलो. खूप वेळाने ती उठली, माझ्यापुढून गेली आणि डावीकडे येऊन बसली.

"वाईट वाटायचं का तुला?" तिने विचारलं. "ऐकू येत नाही याचं?"

"नाही," मी म्हटलं. "त्यात काय."

तिने चमच्याने साय बाजूला केली, चहाचा एक घोट घेतला. मग तिने पुन्हा विचारलं.